समोरून सगळ्याच काचा शहाण्या

काचकाका कुठलीही काच समोरून बघत नसत. चहाचा ग्लास असो नाहीतर कुणाच्या नाकावरचा चष्मा, मान वाकडी करून बाजूनं बघणार आणि वर ऐकवणार, "समोरून सगळ्याच काचा शहाण्या असतात राव. खरी ओळख काठाला." चाकणला आमची कंपनी भिंगं बनवते. मी खरेदी विभागात, ते तपासणीच्या लॅबचे प्रमुख, आणि राहायला रहाटणीत आमच्याच मजल्यावर. म्हणजे कंपनीच्या बसमध्येही तेच, घरीही तेच!

आम्ही हौसेनं काचेचं टेबल घेतलं, तर हा गृहस्थ पेढा तोंडात टाकून थेट फरशीवर आडवा. "काठ हिरवा आहे. वाळूतलं लोखंड राहिलंय." माझं तोंड कडू झालं. पण माझी मुक्ता, तेव्हा शाळकरी, त्यांच्या शेजारी आडवी होऊन ओरडली, "खरंच की, काका!" पोरगी माझ्या हातून गेली ती तिथेच.

मग रोज संध्याकाळी त्यांच्याकडे काचपुराण. पूर्वी दुर्बिणीची मोठी भिंगं का जमत नसत? तर काचेत शिरा राहायच्या, पाण्यात साखरेचा पाक ओतल्यावर दिसतात तशा. वितळलेली काच मातीच्या भाजलेल्या दांड्यानं ढवळायची, एवढं सुचायला केवढा काळ गेला! पुढे एकानं सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यातल्या काळ्या रेषा खुणेला धरून मोजलं, कोणती काच कोणता रंग किती वळवते. "वरण घरोघरी ढवळतात, मुक्ता. काच ढवळायला डोकं लागतं," इति काका. हे सगळं ती मला जेवताना ऐकवायची. मी शाळेतलं विचारलं की मात्र, "काही नाही."

मी जळत होतो. साफ जळत होतो. बायको म्हणायची, "अहो, भाऊजी चांगलंच शिकवतात ना?" चांगलं शिकवतात, हेच तर दुखणं!

एकदा मीही तयारी केली. जेवताना ठसक्यात सांगितलं, "काच फार हळू वाहते बरं का. म्हणून जुन्या खिडक्यांची तावदानं खाली जाड असतात." मुक्ता हातात घास धरून हसतच सुटली. "बाबा! काका म्हणालेच होते, तू हे एक ना एक दिवस सांगणार. काच नाही वाहत. तेव्हा तावदानंच कमीजास्त जाड बनायची." आमटीत बुडून जीव द्यावासा वाटला.

पुढे काचेच्याच संशोधनासाठी तिला प्रवेश मिळाला, तो फोनही आधी त्यांना. काका पेढे घेऊन आमच्या दारात! माझ्या मुलीची बातमी मला शेजाऱ्यानं द्यावी?

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच. आता बसमध्ये त्यांच्या जागेवर कुणी बसलं की मला राग येतो. का, ते विचारू नका.

परवा दुपारी कंपनीत मुक्ताचा फोन आला. "बाबा, मी स्वतः ओतलेली पहिली काच निघाली. एकही शीर नाही! सगळ्यात आधी तुलाच सांगतेय."

इतकी वर्षं ज्यासाठी जळलो, ते मिळालं होतं. काहीतरी छान बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं, "बाजूनं बघितलीस का?"

पलीकडून एक हुंदका, आणि बारीक आवाजात, "बघते."

तो हुंदका कुणासाठी होता, हे मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाचाही हेवा वाटतो, राव.