मागचं पान
“अक्का, मांगे गयं का बठ्ठं पुसाई जाई,” मागे गेलं की सगळं पुसलं जाईल असं बजावत धाकट्या भावाने माउस हाताखाली झाकला. काही वर्षांपूर्वी धरणगावच्या ऑनलाइन केंद्रात आम्ही वडिलांच्या शेताची वारसनोंद करत होतो. प्रिंटर तापल्याचा वास सुटला होता. वारसांच्या रकान्यात त्याचं एकट्याचं नाव दिसलं आणि पान पुढे सरकलं. चौथी शिकले आहे, तेवढं वाचता येतं मला. “मागचं पान दाखव,” मी म्हटलं. तो हसला, “इतलं भरेल शे, परत कोण भरी?” शेवटचं पान छापून आलं. काल जळगावात अशाच एका केंद्रात तसाच वास आला. नातीने तिचा फॉर्म भरताना मागे जायचा बाण दाबला. भरलेलं सगळं जागच्या जागी होतं. शेत आज भावाच्या नावावर आहे. त्या शेवटच्या पानावर सही केली ती मी.