भीमराजचा राग आणि ग्रीक वीर

काळेवाडीचा भीमराज सरवदे चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. लातूरहून आला तेव्हा जेमतेम बारावी झालेला. सेहेचाळिसाव्या वर्षी तो मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचला. रविवारी त्याला वर्गात बोलायचं होतं: प्राचीन ग्रीक वीर आणि आजचे वीर यांची तुलना. विषय त्यानंच मागून घेतलेला. चहाच्या सुट्टीत सापडेल त्याला धरून तो सांगे, "राव, ते वीर म्हणजे देवांची पोरं! ताकद अफाट, रागही तसाच. आणि सगळी धडपड नावासाठी. आजचा वीर तसा नाही. काम करतो आणि बाजूला होतो."

बुधवारी सकाळी गोदामातला लोखंडी रॅक कोसळला आणि प्रितम नावाच्या कामगाराचा पाय खाली सापडला. दहा-बारा जणांनी जोर लावला, पण रॅक हलेना. उलट वरचे खोके घसरू लागले. भीमराजनं फोर्कलिफ्ट आणली, पण सीटवरून त्याला प्रितम दिसतच नव्हता. तेवढ्यात तपासणी विभागातली दिपाली जमिनीवर पालथी पडली, फटीतून आत बघत ओरडली, "भाऊ, मला दिसतंय! मी सांगते तसं घ्या!"

"बोल!"

"उचला... थोडं... थांबा! डावीकडं कलतंय!"

बोटभर वर, मग थांबायचं. पुन्हा बोटभर. भीमराज फक्त तिच्या आवाजावर लिव्हर हलवत होता.

"आता! ओढा त्याला!"

प्रितम बाहेर आला. पाय शाबूत होता. शेडमध्ये असा गलका उठला! लोकांनी भीमराजला खांद्यावरच घेतलं.

शुक्रवारी फलकावर सूचना लागली: 'सर्व कामगारांच्या प्रसंगावधानामुळे एका सहकाऱ्याचे प्राण वाचले.' भीमराजनं ती दोनदा वाचली. घरी आला तो धुमसतच, भरलेला डबा तसाच परत घेऊन.

"सर्व कामगार म्हणे! लिव्हरवर हात कुणाचा होता?"

बायको सरूबाई म्हणाली, "दिपालीचं तरी नाव हाय का त्यात?"

भीमराज आठवू लागला. दोन दिवसांत त्यानं ही हकिगत पन्नास जणांना सांगितली होती. त्यात दिपाली 'खालून कुणीतरी ओरडत होतं' एवढीच आली होती.

रविवारी वर्गात त्यानं लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला.

"सर, ग्रीक वीराला नाव हवं असतं, आजच्याला नको, असं मी लिहिलं होतं. खोटं आहे ते. मला हवं होतं! मिळालं नाही तर रुसून जेवलोही नाही. ते वीर भर सभेत नाव मागायचे, आपण लाजतो, एवढाच फरक." वर्ग हसला. "पण एक गोष्ट वेगळी आहे. त्यांचा वीर एकटा भिडायचा. मी एकटा असतो तर प्रितमचा पाय गेला असता. ज्या बाईला दिसत होतं, तिचं नाव दिपाली कांबळे."

पुनावळ्याहून येणारी निशिगंधा ताडकन उठली. "त्या वीरांनाही सोबती होतेच की! गाणी एकाचीच झाली."

"मग चूक गाणाऱ्यांची!" भीमराज ओरडला, आणि वर्गात एकच कल्ला झाला. तास संपला तरी कुणी उठेना. सरांनीही घड्याळाकडं पाहिलं नाही.

सोमवारी शिफ्टआधी भीमराज साहेबांना भेटला. दुपारी नवी सूचना लागली, दोन नावांची, पहिलं दिपालीचं. तिनं लगेच फोटो काढला आणि तिथल्या तिथं आईला पाठवला.