व्हर्नाबाईंची वहिवाट

लोकांना वाटतं, जबानी म्हणजे कोर्ट. कसलं कोर्ट आणि कसलं काय! आमच्या नेब्रास्कात वकिलाच्या ऑफिसात एक लांब टेबल, पाणचट कॉफी, शपथ, आणि कोपऱ्यात यंत्रावर शब्द न् शब्द टिपणारी मी. त्या दिवशी साक्षीला व्हर्ना ट्राउटमनबाई होत्या.

बाई माझ्या आवडत्या. नवरा गेल्यापासून एकट्या राहतात, नदीकाठच्या तुकड्यावर मधमाश्या पाळतात, आणि डंखांची तक्रार कधी करत नाहीत. त्या तुकड्याकडे जायची वाट एकच, ड्वेन कुल्मनच्या शेतातून. यंदा ड्वेननं तिथे साखळी लावली. वाट बंद म्हणजे माश्यांच्या पेट्या विकणं आलं, म्हणून बाईंनी दावा लावला.

आमचा कायदाही अजब. वर्षानुवर्षं न विचारता वापरलीत तर वाटेवर तुमचा हक्क, विचारून वापरलीत तर नाही. बाईंच्या वकिलानं हे त्यांना आधीच समजावलं होतं. खरं तेच सांगा, असंही म्हणाला होता बिचारा.

"या वाटेसाठी तुम्ही कधी परवानगी घेतली होती?" ड्वेनच्या वकिलानं विचारलं.

बाई भडकल्या. "म्हणजे काय? न विचारता दुसऱ्याच्या रानात घुसायला मी काय चोर आहे? दर वसंतात केक घेऊन ह्याच्या आईकडे जायचे मी. इर्माला विचारल्याशिवाय एक चाक आत घातलं नाही."

त्यांच्या वकिलानं डोळे मिटले. दावा तिथेच बुडाला. मला इतकं वाईट वाटलं, पण बोटं थांबवून कसं चालेल?

समोर हाताची घडी घालून बसलेला ड्वेन एकदम बोलला. त्याच्या वकिलानं दंड दाबला, तरी बोललाच. "मग आई गेल्यावर माझ्याकडे का नाही आलात? तुम्ही आपल्या खुशाल दारावरून गाडी नेत राहिलात. मी कुणीच नव्हतो का?"

बाईंचा आवाज उतरला. "इर्मा नाही, त्या घरात पाऊल टाकवेना रे. चुकलंच माझं. आता विचारते. जाऊ का?"

ड्वेननं नुसती मान हलवली.

"मान हलवलेली मला टिपता येत नाही," मी म्हणाले. "तोंडानं बोल, ड्वेन."

"जा," तो म्हणाला. "पण आधी घरात येऊन बसा थोडं."