विमलताईंच्या फुलाचा पत्ता

विमलताई गेल्याचं त्यांच्या भाचीनं फोनवर सांगितलं, आणि डोळ्यांसमोर आलं ते पठारावरचं त्यांचं पाठमोरं बसणं... पन्नासच्या दशकातली गोष्ट. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात मी शाळामास्तर होतो. पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ताई श्रावणात आमच्याकडे उतरायच्या आणि एका पांढऱ्या, लांब नळीच्या फुलासमोर दिवसभर बसायच्या. ते फूल अजून कुणी नोंदवलेलं नाही, म्हणायच्या. नळी इतकी खोल, की मधमाशीची जीभ तळाला पोचेना; मग बी धरतं कसं, हे त्यांना बघायचं होतं.

गावाला काही हे पटेना. "फुलापायी कुनी पावसात बसंल व्हय?" माझे थोरले भाऊ, आबा, म्हणाले. "किल्ल्याचा मुलूख हाये ह्यो. बाई गुप्तधन हेरती." माझ्याही मनात पाल चुकचुकलीच.

एका सकाळी ताईंसोबत पठारावर गेलो, तर फुलांची जागा गुडघाभर खणलेली. त्या फुलझाडांचे कंद ढिगाऱ्यावर विखुरलेले. ताईंनी एकेक पुसून पुन्हा पुरला, मग माझ्याकडे रोखून बघितलं. "गुरुजी, ही जागा तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होती?"

घरी आलो तर आबांच्या कुदळीला ओली तांबडी माती. मी ताईंना ती दाखवली. त्यांनी आबांना इतकंच विचारलं, "सापडलं काही?"

"कांदं निघालं नुसतं," आबा पुटपुटले.

"मग उद्या चला. मी काय हेरते, तुम्हीच बघा."

खड्ड्याच्या कडेला एक झाड वाचलं होतं. आबा लांबच बसले, अजून संशयानं. ऊन पडलं तशी एक केसाळ माशी आली, अंगाहून लांब सोंडेची. हवेत थबकून तिनं सोंड नळीत घातली; निघाली तेव्हा कपाळाला पराग.

"आयला... सुई ओवल्यावानी!" आबा म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात काट्यांचं कुंपण त्यांनीच घातलं. पण फुलाची माहिती छापून आली, तेव्हा गावाचं नाव त्यात नव्हतं. नुसतं 'सह्याद्रीतलं एक पठार'. आबांना ते लागलं.

"आजून भरवसा न्हाई व्हय, ताई?"

"तुमच्यावर आहे, आबा. वाचणाऱ्यांवर नाही."

आबा गेले, आता ताईही. परवा दोन तरुण गाडी घेऊन आले. गोड बोलले, चहा घेतला, आणि हळूच विचारलं, "ते फूल नेमकं कुठं येतं, काका?" गाडीच्या मागच्या सीटवर पिशव्या होत्या, नवी खुरपी होती.

"फूल? आमच्याकडं भात-नाचणी," मी म्हणालो.

ते गेले. गाडी कुठल्या वाटेला वळते, ते बघत मी बराच वेळ फाटकात उभा राहिलो...