बघण्याचा कार्यक्रम

मला बघायला पहिले पाहुणे आले ते नाताळच्या सुट्टीत. कॉलेज बंद होतं. अण्णांनी त्यांना मुद्दाम संध्याकाळची वेळ दिली, कारण टीव्ही संध्याकाळी लागायचा.

लातुरात आम्ही नवेच होतो. जिल्हा नवा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या आणि कंधारच्या तहसिलीतून अण्णांची बदली इकडे झाली. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी आल्यावर त्यांची चालच बदलली. त्या दिवाळीला त्यांनी टीव्ही आणला. आमच्या गल्लीतला तो पहिलाच. त्याला सरकती लाकडी दारं होती आणि दारांना कुलूप होतं. किल्ली जानव्यासारखी कायम अण्णांच्या अंगावर असायची. जानवं आमच्यात नव्हतंच, म्हणून ती करदोट्याला.

टीव्ही आला, पण नळाला पाणी येत नव्हतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवून गेला होता. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. माय एका रांजणावर आणि दोन घागरींवर घर चालवायची. आम्ही तोंड धुवायचो ते घमेल्यात, आणि त्याच पाण्यानं ती फरशी पुसायची. प्यायचं पाणी मागितलं की ती आधी आमच्या तोंडाकडे बघायची, खरंच तहान लागली आहे का म्हणून.

पाहुणे नांदेडहून एसटीनं आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मुलगा पाटबंधाऱ्यात इंजिनियर होता, विष्णुपुरी धरणाच्या कामावर. इंजिनियर या शब्दानंच अण्णा निम्मे विरघळले होते.

मायनं पायांवर घ्यायला एक तांब्या पुढे केला. मामांनी तो एका दमात दोन्ही पायांवर ओतला आणि म्हणाले, "आणा की बाई अजून. एका तांब्यानं काय होतंय?"

माय आत आली, घागर वाकवली, परत गेली. मामांनी हात धुतले, मान धुतली, मग खळाखळा गुळण्या करायला लागले. पानाचं लाल पाणी पायरीवर पसरत गेलं. "अजून एक," म्हणाले. माय पुन्हा आत आली. मी दाराच्या फटीतून बघत होते. मायचा चेहरा हललाही नाही, पण ती घागर उचलताना तिच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. दुसऱ्याच्या घरचं पाणी माणूस असं थुंकून कसं टाकतो?

मी पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा अण्णांनी कुलूप काढून टीव्ही लावला होता. शेतीचा कार्यक्रम चालू होता. कुठल्याशा हिरव्यागार शेतात तुषार सिंचनाचे फवारे गोल गोल फिरत होते.

"काय पाणी हाय बघा!" मामा म्हणाले.

मी ट्रे घेऊन उभी राहिले ती नेमकी टीव्हीच्या समोर. पद्धत अशी की पाहुण्यांनी आता माझ्याकडे बघावं. मुलाच्या आईनं मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला.

"जराशी सरक बाई," त्या म्हणाल्या. "दिसंना झालंय."

मी सरकले. मायच्या रेशमी साडीत भिंतीला टेकून बसले. मला वाटलं होतं, भीती वाटेल, लाज वाटेल. दोन्ही वाटलं नाही. खुर्चीवर एखादी पिशवी ठेवावी तशी मी तिथे ठेवलेली होते.

शेती संपली. नाताळ म्हणून पांढऱ्या कपड्यातली मुलं मेणबत्त्या घेऊन इंग्रजीत गायला लागली. मागे झाड होतं आणि झाडावर काहीतरी पांढरं चिकटवलं होतं.

"कापूस हाय का तो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"बर्फ हाय अक्का," मामा म्हणाले. "तिकडं पडतो."

मग एका बाईनं केक कसा करायचा ते दाखवलं. मामांनी आणि मुलाच्या आईनं ते इतकं मन लावून पाहिलं, जणू उद्या नांदेडात अंडी फेटायला बसणार होते. मुलगा मध्ये बसून पोहे खात होता. शेंगदाणे तेवढे वेचून बशीच्या कडेला लावत होता. त्यानं माझ्याकडे अजून पाहिलं नव्हतं.

केक भट्टीत गेला आणि चित्र गेलं. व्यत्ययाबद्दल दिलगिरीची पाटी आली. तेव्हा कुठे त्यांना मी आठवले.

"शिकायला काय घेतलंय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"बी. ए. दुसरं वर्ष. मराठी."

"स्वयंपाक?"

"येतो."

"पुढं नोकरी करायचं मनात हाय का?"

"हो. मला बी. एड. करून शाळेत..."

केक परत आला. फुगला होता. तिघांच्याही माना तिकडे वळल्या आणि माझं वाक्य तसंच हवेत राहिलं. ते पुरं कर असं कुणी म्हटलं नाही. अण्णांनीही नाही. ते तर केक आपणच भाजून काढल्यासारखे हसत पाहुण्यांकडे बघत होते.

बातम्या लागल्या. एकाएकी मामांनी मांडीवर थाप मारली. "अरे, हे आपल्याकडलं हाय!"

खरंच आमच्याकडचं होतं. भेगा पडलेली जमीन, हाडं वर आलेली जनावरं, कोरड्या विहिरीच्या काठावर हंडे घेऊन बसलेल्या बायका. निवेदक लातूर म्हणाला, उस्मानाबाद म्हणाला. खोलीत आनंद झाला. मामा उठून जवळ जाऊन बसले. मुलाच्या आई म्हणाल्या, "बघा की, आपला दुष्काळ दिल्लीपत्तोर गेला." अण्णा म्हणाले, "आता नवा जिल्हा झाला ना. दखल घ्यावीच लागती."

मी मायकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात रिकामा तांब्या. पडद्यावरच्या बायकांकडे तिनं क्षणभर पाहिलं आणि आत निघून गेली. त्या बायका तहानलेल्या होत्या आणि आमच्या घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

बातम्यांनंतर सिनेमाची गाणी लागली आणि पहिल्याच गाण्यात चित्रावर मुंग्या धावायला लागल्या.

"वाऱ्यानं अँटेना हलला असंल," अण्णा म्हणाले. "जा गं, वर जाऊन फिरव जरा."

मला वाटलं ते मायला म्हणाले. ते मलाच म्हणाले होते. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरून, रेशमी साडीच्या निऱ्या सावरत, मी मागच्या जिन्यानं गच्चीवर गेले. डिसेंबरची थंडी होती. लोखंडी पाइप हाताला चावत होता. मी तो फिरवला.

खालून खिडकीतून आवाज आला. "डावीकडं!"

आवाज मुलाचा होता. तो माझ्याशी बोलला ते पहिल्यांदा.

"अजून डावीकडं! गेलं, गेलं. आधी होतं तिथं आणा! हां... बस. धरून ठिवा तसंच!"

मी धरून ठेवलं. हात सोडला की खालून ओरडा व्हायचा. खाली टीव्हीवर कुणी तरी बाई गात होती, मामा टाळ्यांनी ताल धरत होते, आणि ज्याच्याबरोबर मला जन्म काढायचा होता तो मला खांब समजत होता. त्याच्यापेक्षा जास्त किळस मला अण्णांची आली. तो तर परका होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. दारं उघडली, भांडी आपटली, बायका धावल्या. मी पाइप सोडला. जिना उतरून मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. माय आधीच एक घागर घेऊन निघाली होती. दुसरी मी उचलली.

"तू नको," माय म्हणाली. "साडी भिजंल."

"भिजू दे."

बाहेरच्या खोलीतून अण्णा हाका मारत होते, "अगं, गेलं परत! फिरव!" आम्ही दोघी मागच्या दारानंच गेलो. रांगेत ढकलाढकल होती. कुणाचा तरी हंडा माझ्या कोपराला लागला. शेजारच्या काकूंनी माझ्या साडीकडे पाहिलं आणि मला पुढे घेतलं. नळी आमच्याकडे आली तेव्हा मी घागर धरली आणि माय म्हणाली, "गळ्यापत्तोर भर. सांडू नको."

परत आलो तेव्हा पाहुणे निघायच्या तयारीत होते. माझा पदर ओला, पायाला चिखल. मामांनी मला खालून वर पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पोरगी कामाची हाय," ते अण्णांना म्हणाले. मग टीव्हीवर हात ठेवला. "आन ही पेटी पोरीसंगंच येईल ना?"

अण्णा हसले. "तुमचंच हाय समदं."

ते गेल्यावर मी पायरीवरचे लाल डाग घासले. अर्धा तांब्या पाण्यात जेवढे निघाले तेवढे.

नकार येईल अशी मला आशा होती. आठवड्यात होकार आला. मुलगी पसंत, टीव्हीसह. अण्णांनी पेढे आणायला पिशवी मागितली, तेव्हा मी म्हणाले, मला हे लग्न करायचं नाही.

"इंजिनियर हाय तो," अण्णा म्हणाले. "तुला काय खुपलं त्याच्यात?"

मी सांगायला लागले, पण सांगताना सगळंच फार किरकोळ वाटत होतं. पाणी, पोहे, अँटेना. अण्णांना त्यात काहीच दिसलं नाही. "एवढ्यावरून?" एवढंच ते म्हणत राहिले.

मग माय बोलली. ती त्यांच्यासमोर सहसा बोलत नसे. "ती न्हाई म्हणून राहिली तर न्हाई. पोरगी माझी बी हाय."

अण्णा कित्येक दिवस आमच्याशी बोलले नाहीत. कचेरीतून येत, कुलूप काढत, टीव्हीसमोर जेवत. पुढे त्यांनी नांदेडला निरोप धाडला की मुलीला शिकायचं आहे. मी बी. एड. केलं, शिक्षिका झाले, लग्नही माझ्या मनानं केलं. पण खूप वर्षं अण्णांच्या शेजारी बसून मला कुठलाच कार्यक्रम बघवला नाही. ते बोलवायचे, "ये, चांगलं लागलंय." मी काही तरी काम काढून उठायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुला टीव्ही आवडत न्हाई का गं?"

"नाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि आवाज थोडा कमी केला.