जयरामची हाक

जयराम मला पहिल्यांदा लक्षात राहिला तो पालकसभेत. कामणच्या आमच्या शाळेत तो मुलाला, दीपेशला, घेऊन आला होता. मी सहज विचारलं, "आईचं नाव काय याच्या?" तो कानापर्यंत लाल झाला. मुलाला कोपराने ढोसत म्हणाला, "सांग बाईंना."

"विमला," दीपेश म्हणाला. बाप जमिनीकडे बघत राहिला.

पुढच्या सभेला विमला स्वतः आली. मी तिला हे सांगितलं तर पदर तोंडाशी धरून हसली. "बाई, यांचा तोंड म्हंजे यांच्या कंपनीतला डबा. आत सगला जातंय, बाहेर काय येत नाय!"

जयराम वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मेंदूचे संदेश नोंदवणारी यंत्रं जोडतो. डब्याला पोर्ट, म्हणजे तारा जोडायची तोंडं, बसवणं हे त्याचं काम. डोक्यावरून आलेल्या तारा एका बाजूने आत शिरतात, नोंद दुसऱ्या बाजूने संगणकाकडे जाते, आणि कानात आवाज वाजला की त्याची खूण टिपायला आणखी एक वेगळं पोर्ट असतं. रिक्षाची वाट बघताना त्याने एकदा मला हे भरभरून समजावलं होतं. घरी मात्र बायकोला हाक एकच: "अगो."

गेल्या वर्षी भात झोडताना विमला कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, डोळे उघडले, पण नजर कुठेच ठरेना. आपलं बोलणं तिला कळतं का, एवढंच जयरामला हवं होतं. रुग्णालयात तपासणी ठरली. तिच्या कानात परकी नावं वाजवायची, मधूनच तिचं नाव, घरच्या माणसाच्या आवाजात. ओळखलं तर यंत्रावरचा मेंदूचा आलेख हलतो. दीपेश आता मोठा होऊन नोकरीला दुबईत, म्हणून सोबत मी गेले.

तपासणी करणाऱ्या रीमाने आवाज टिपायला फोन पुढे धरला. "काका, फक्त नाव घ्या."

"विमला," तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

आलेख हलला नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर तो एकदम उठला. "बाई, तिला कसा कलेल? मी तिला कवा नावान बोलवलाय?" आणि धावतच आत गेला.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी ठेवली. या वेळी परक्या पुरुषांच्या 'अगो'मध्ये त्याची 'अगो' वाजली. अगदी घरातली, अंगणातून मारावी तशी.

आलेख तसाच.

डबा त्याच्याच कारखान्यातला होता. रीमाला विचारून त्याने एकेक पोर्ट चाचपलं. तारांची, आवाजाच्या खुणेचं, सगळी. एखादं तरी सैल निघावं म्हणून त्याची बोटं पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. सगळी घट्ट होती.

"आमी काम चांगला करतो, बाई," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून रडला.

नोंद आली नाही म्हणजे ती ऐकतच नाही असं ठाम सांगता येत नाही, असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. त्याने मान हलवली.

विमला आता घरी आहे. जयराम सकाळी तिचं अंग पुसतो, नळीतून पातळ पेज देतो. त्याची बहीण सत्यवती तिच्यापाशी येऊन बसली की दुपारच्या पाळीला निघतो. निघताना दारातून दोन्ही हाका मारतो.