खुर्चीमागचा माणूस

लहानशा कोर्टात वकिली सुरू करून न्यायाधीश महाराज पायरी पायरीनं सर्वोच्च न्यायालयात पोचले, तिथं सात वर्षं बसले आणि निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या ठोक्याला ते घरच्या टेबलापाशी गेले, मागे न बघता बसले आणि धपकन फरशीवर आपटले.

"अहो, खुर्ची कुठं आहे ते तरी बघा," बायको म्हणाली. "तिकडे कोर्टात कोण पुढे सरकवायचं?"

"शिपाई."

"नाव काय त्याचं?"

नाव सोडाच, न्यायाधीशांना त्याचा चेहराही आठवेना. वीस वर्षांपूर्वीचा साक्षीदार ते गर्दीत ओळखत, पण हा माणूस कायम पाठीमागेच उभा. उंच होता की बुटका? चष्मा होता का? दोन दिवस त्यांनी डोकं खाजवलं, स्वतःवरच चिडले, आणि काही हाती लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक पांढऱ्या मिशांचा माणूस पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दारात आला. "साहेब, तुमच्या दालनात राहिली होती."

न्यायाधीशांनी त्याला नीट न्याहाळलं. ग्रंथपाल असेल, की एखादा कारकून? विचारायची लाज वाटली. "या, बसा," असं पुटपुटत ते स्वतःच टेबलाकडे वळले आणि विचारांच्या नादात पुन्हा मागे न बघता बसले.

खुर्ची आवाज न करता, अगदी वेळेवर, त्यांच्या गुडघ्यांमागे येऊन टेकली.

आता मान वळवायची त्यांना हिंमत होईना.